पिशवीची बंडी

"शर्ट काढा," सिस्टर रूथ म्हणाल्या.

मी आजूबाजूला पाहिलं. मिरजेच्या दवाखान्यातली ती कमी दिवसांच्या बाळांची खोली. भिंतीकडेनं काचेच्या पेट्या, पेट्यांत इवली इवली मुलं, आणि कोपऱ्यात ओळीनं आरामखुर्च्या. दोन खुर्च्यांत दोन बायका पदराखाली आपापली बाळं छातीशी धरून बसल्या होत्या. मला बघून त्यांनी माना वळवल्या.

"इथंच?"

"मग काय घरी जाऊन काढणार? बाळाला तुमची छाती लागणार आहे, शर्ट नाही. चला, मी पडदा ओढते."

शर्ट काढला. आत आमच्याच कारखान्याची 'रांगडा' बंडी होती आणि ती काढायची म्हणजे एक कुस्तीच होती. अर्ध्यावर आली आणि डोक्यात अडकली. हात वर, तोंड झाकलेलं, असा मी सिस्टरसमोर उभा. शेवटी त्यांनीच मागून ओढून काढली आणि उलटीसुलटी करून पाहिली.

"हे काय घातलंय हो? ह्यात श्वास तरी घेता येतो का?"

"आम्हीच बनवतो," मी म्हणालो. एरवी हे वाक्य मी छाती फुगवून म्हणत असे.

"कशासाठी असतं हे?"

"पोट आत ओढलं जातं. छाती पुढे दिसते."

"बरं," त्या म्हणाल्या आणि बंडी घडी करून बाजूला ठेवली. "बसा आता. अंग सैल सोडा."

त्यांनी माझ्या मुलीला पेटीतून उचललं. डोक्यावर टोपी, कमरेला लंगोट, बाकी उघडी. नाकात नळी. माझ्या छातीवर त्यांनी तिला पालथी ठेवली, तेव्हा मला पहिली गोष्ट कळली ती ही, की ती गार होती. अंगावर काटा आला तो प्रेमानं वगैरे नाही, भीतीनं.

सातवा संपता संपता प्रणोतीचा रक्तदाब असा चढला की डॉक्टरांनी तासाभरात पोट उघडलं. प्रणोती वरच्या मजल्यावर अतिदक्षता विभागात नळ्यांच्या गुंत्यात पडली होती आणि मुलगी खाली. डॉक्टरांनी सरळ सांगितलं होतं, "बाळाचं अंग गरम राहत नाही, म्हणून वजन धरत नाही. पेटीत ठेवतोय, पण अशी मुलं माणसाच्या उघड्या अंगावर लवकर सावरतात. दिवसातले जितके तास मिळतील तितके. आईला ते शक्य नाही. घरात दुसरं कोण आहे?"

सासूबाई होत्या, पण त्यांना खोकला झालेला. सिस्टर त्यांना दाराच्या आत पाऊल टाकू देत नव्हत्या. माझी आई जाऊन चार वर्षं झाली होती. राहिलो मी. आणि आप्पा. पण आप्पांचं नाव मी घेतलंच नाही.

आप्पा म्हणजे माझे वडील, आदगोंडा मगदूम. तरुणपणी इचलकरंजीच्या तालमीतले नावाजलेले पैलवान, कान मोडलेले, मान आणि डोकं एकाच जाडीचं. पुढे चार यंत्रमाग टाकले, त्यावर मला शिकवलं. त्यांनी मला उचलून घेतल्याचं मला आठवत नाही, आणि तसा फोटोही घरात नाही. माझं नाव त्यांनी ठेवलं शीतल. आमच्याकडे ते गड्याचंच नाव, तीर्थंकरांचं. पण पुण्याला कापडाच्या इंजिनिअरिंगला गेलो, तेव्हा पहिल्याच दिवशी हजेरी घेणाऱ्या सरांनी मुलींच्या बाकांकडे बघून ते पुकारलं. चार वर्षं मला सगळे "शीतलताई" म्हणत होते. गावी परत आल्यावर मी जे पहिलं कापड काढलं त्याचं नाव 'रांगडा' का ठेवलं, हे कुणाला वेगळं सांगायला नको.

"हलू नका," सिस्टर म्हणाल्या.

"मी कुठं हलतोय?"

"पाय बघा तुमचा."

माझा उजवा पाय आपोआप हलत होता. मला बसणं ठाऊक नाही. फोनवर बोलतानाही मी चालतो, जेवतानाही दोनदा उठतो. आणि आता मला तासन्‌तास बसायचं होतं, आणि दोन्ही हातांनी एक जीव धरून ठेवायचा होता. दवाखान्यात बाळाला बांधून घ्यायचं कापड होतं. सिस्टरनी ते माझ्या पाठीमागून घेतलं. दोन्ही टोकं पुढे आलीच नाहीत.

"बायकांच्या मापाचं आहे," त्या जरा ओशाळून म्हणाल्या. "बाप लोक येतात, बघतात, पैसे भरतात आणि जातात. धरायला कुणी बसत नाही. धरा हातानं."

धरली. थोड्या वेळानं हाताला मुंग्या आल्या. मग हात आहे की नाही तेच कळेना. आणि एकदा, फक्त एकदा, ती माझ्या घामेजल्या छातीवरून बोटभर खाली घसरली. मी ओरडलो. दोन्ही बायका दचकल्या. सिस्टरनी धावत येऊन तिला उचललं, काही झालं नव्हतं, पण त्यांनी तिला परत दिलीच नाही.

"आज पुरे. तुमचं काळीज पळतंय. तिला कळतं ते."

पेटीवरचा वजनाचा आकडा पुन्हा खाली आला होता. मी शर्ट घातला, बंडी खिशात कोंबली आणि गाडी काढली.

इचलकरंजीपर्यंत मी एकच विचार करत होतो. माझ्या कारखान्यात असं मशीन आहे की जे पुरुषाच्या छातीसाठी वाटेल ते विणू शकतं, आणि मी मुलीला हातानं धरून बसलोय.

ते मशीन आमच्या भागात तेव्हा नवलाचं होतं. एका बाजूनं सूत आत जातं आणि दुसऱ्या बाजूनं अख्खी बंडी बाहेर पडते. कात्री नाही, शिलाई नाही. पडद्यावर सांगाल तिथं वीण घट्ट, सांगाल तिथं सैल. आम्ही त्याला इतके दिवस एकच गोष्ट सांगत होतो, आवळ. पोटाला आवळ, दंडाला आवळ, बरगडीला आवळ. आता मी खुर्ची ओढून बसलो आणि सोडायला सांगू लागलो.

मशीन चालवणारे मुबारकभाई माझ्या खांद्यावरून पडद्याकडे बघत होते.

"शेठ, ह्यो छातीचा भाग बिघडला की. फुगा हुतोय."

"फुगाच पाहिजे."

"गड्याच्या बंडीला?"

"पिशवी पाहिजे, मुबारकभाई. आत पोर बसलं पाहिजे. आतल्या बाजूनं छाती उघडी, बाहेरून एक पदर, खाली पट्टा घट्ट. पोर घसरता कामा नये आणि बापाचे हात मोकळे राहिले पाहिजेत."

त्यांना स्वतःला तीन मुलं. थोड्या वेळानं म्हणाले, "मग लायक्रा नुसती खालच्या पट्ट्यात घालू. वर निव्वळ सुती. पोराच्या गालाला कशाला रबर."

पहिली बंडी निघाली ती गाठोड्यासारखी. दुसरीत पिशवी इतकी खाली गेली की मुबारकभाई हसायला लागले. तिसरी चौथी कशी झाली आठवत नाही, पण सकाळी एक अशी निघाली की मी ती उजेडात धरून पुन्हा पुन्हा पाहिली. मुबारकभाईंनी अंगात घातली, घरून मागवलेली गव्हाच्या पिठाची पिशवी आत सोडली आणि कारखान्यात गोल गोल फिरले. वाकले, बसले, उठले, शेवटी दोन उड्या मारल्या. पीठ जागचं हललं नाही.

"लई भारी," ते म्हणाले. "आता हे घालून मी चहा बी पिऊ शकतो."

त्याच वेळी आप्पा आले. ते रोज सकाळी एक चक्कर मारत. मुबारकभाईंच्या छातीवरचं ते पोट त्यांनी नीट न्याहाळलं.

"काय हे?"

मी सांगितलं. भरभर सांगितलं, मला निघायची घाई होती. आप्पांनी ऐकून घेतलं. मग पुढे होऊन त्यांनी कापडाला हात लावला, अंगठ्यानं आणि बोटानं चोळून बघितलं. माग चालवणाऱ्या माणसाची ती सवय.

"नवं हाय हे."

"आत्ताच मशीनवरून काढलंय."

"मग न्हाई लावायचं पोरीला. सुवेर फिटेस्तोवर बाळाच्या अंगाला नवं कापड लावत न्हाईत. जुनं लावायचं. वापरलेलं."

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. "आप्पा, ती जगते की नाही हे कळत नाही आणि तुम्ही सुवेर सांगताय?"

"म्हणून तर सांगतोय."

"जुनं कुठून आणू? हे मशीनवरचं कापड आहे. हे जगात जुनं नाहीच कुठं!"

मी उकळत्या पाण्यातून ती बंडी काढली, वाळवली, इस्त्री केली आणि मिरजेला घेऊन गेलो. सिस्टर रूथना ती पसंत पडली. त्यांनी हात घालून बघितलं, ताणून बघितलं, म्हणाल्या, "हे कुणी आधी का नाही केलं?" पण बाहेरच्या बाकावर सासूबाई बसल्या होत्या. त्यांनी तोंडाला पदर लावून एवढंच विचारलं, "नवं आहे का हो?" आणि रडायला लागल्या. मी प्रणोतीला सांगायला वर गेलो. म्हटलं, ही शिकलेली आहे, ही तरी माझ्या बाजूनं असेल. तिला धड बोलता येत नव्हतं. तिनं बंडी गालाला लावली, डोळे मिटले आणि म्हणाली, "जुनी करून आण."

मला ते तेव्हाही पटलं नव्हतं, आजही पटत नाही. उकळलेलं कापड ते उकळलेलं कापड. पण तिघांशी भांडायची ताकद माझ्यात उरली नव्हती. मी जिन्यात बसलो आणि आप्पांना फोन लावला.

"जुनं म्हणजे किती जुनं?"

"घामाला लागाया पायजे. धुतलं पायजे, उन्हात वाळलं पायजे. कुणाच्या तरी अंगावर रुळलं की झालं जुनं."

"कुणाच्या अंगावर? मी तर इथं उघडा बसतोय."

मग ते म्हणाले, "लाव मुबारकला काढायला. पाचसहा काढू दे."

कारखान्यात काय झालं ते मला मुबारकभाईंनी नंतर सांगितलं. एक त्यांनी स्वतः घातली. बाकीच्या गड्यांनी पिशवी बघितली आणि हसून हसून लोळले, पण अंगात घालायला एकही पुढं येईना. जिमला जाणारा आमचा एक विक्रेता होता, 'रांगडा'च्या जाहिरातीत त्याचाच फोटो. तो म्हणाला, "शेठसाठी जीव देईन, पण हे घालून गावातनं फिरणार न्हाई." आप्पांनी सगळ्यांकडे एकदा पाहिलं, सदरा काढला आणि बंडी घातली.

तेव्हापासून ते रोज एक घालू लागले. सकाळी एक, संध्याकाळी धुऊन दुसरी. वरून सदरा घातला तरी पिशवी काही लपत नव्हती. त्यांनीही लपवली नाही. पिशवीत चष्मा ठेवला, सुपारीची चंची ठेवली, घराची किल्ली ठेवली. त्या अवतारात बसस्थानकापर्यंत गेले, बाजारात गेले आणि तालमीतही गेले. तालमीत त्यांच्या बरोबरीच्या एका म्हाताऱ्यानं विचारलं, "काय आदगोंडा, कितवा चालू हाय?"

"नववा," आप्पा म्हणाले. "कळा आल्या की तुलाच बोलावतो."

हे ऐकून मी त्या खोलीत कितीतरी दिवसांनी हसलो. छातीवर ती हलली.

तिसऱ्या की चौथ्या दिवशी पहिली जुनी बंडी आली. खरंच मऊ झाली होती, हे मी सासूबाईंना सांगितलं नाही. बंडीत मुलगी बसली आणि माझे हात सुटले. मी उठून उभा राहिलो. दोन पावलं टाकली. सिस्टर म्हणाल्या, "सावकाश." मी पेट्यांच्या मधल्या जागेत चालू लागलो, इकडून तिकडे, तिकडून इकडे, माझ्या नेहमीच्या पद्धतीनं, आणि ती माझ्या छातीवर गाल चपटा करून झोपली. पेटीवर लिहिलेला आकडा सिस्टरनी पुसून वरचा लिहिला. शेजारच्या खुर्चीतली बाई म्हणाली, "भाऊ, आमच्या ह्यांच्या मापाची मिळंल का?"

आप्पा रोज दुपारी एसटीनं मिरजेला येत. धुतलेल्या बंड्यांची पिशवी सासूबाईंकडे देत आणि फाटकाबाहेर लिंबाच्या झाडाखाली जाऊन बसत. आत कधीच आले नाहीत. मी एकदा म्हटलं, "काचेतून तरी बघा." ते म्हणाले, "बघू की. पळून जातीया व्हय." आणि दुसरीकडे बघू लागले. मला वाटलं, बंडी घातली तेवढंच खूप झालं त्यांच्या लेखी. पुरुषानं दाखवायचा तेवढा मऊपणा दाखवून झाला.

आणि मग मला ताप आला.

सकाळी उठलो तेव्हाच अंग मोडून आलं होतं. मी गोळी घेतली, चेहऱ्यावर पाणी मारलं आणि काही न बोलता दाराशी गेलो. सिस्टर रूथनी माझ्या कपाळाला हात लावला आणि दार लावून घेतलं.

"ताप उतरून दोन दिवस होईपर्यंत आत यायचं नाही."

"सिस्टर, वजन आत्ता कुठं चढतंय."

"म्हणूनच. दुसरं कोण आहे?"

दुसरं कुणी नव्हतं. प्रणोती खाटेवर उठून बसत होती, पण जखम चिघळली होती. सासूबाई अजून खोकत होत्या. दुपारपर्यंत मी दवाखान्याच्या आवारात येरझाऱ्या घातल्या. दर थोड्या वेळानं दारापाशी जाऊन विचारत होतो, आणि दर वेळी सिस्टर सांगत होत्या तो अंगाच्या उष्णतेचा आकडा मला आवडत नव्हता. ती पुन्हा गार पडायला लागली होती.

आप्पा आले. मी फाटकाबाहेरच त्यांना गाठलं.

"आप्पा, आज तुम्हाला बसावं लागेल."

"कुठं?"

"आत. तिला घेऊन."

त्यांनी हातातली पिशवी माझ्यापुढे केली. "ह्या घे. मला न्हाई जमायचं."

"काय जमायचं नाही? नुसतं बसायचंय. बंडी आहे. ती पडत नाही, तुम्हाला ठाऊक आहे."

"दुसरं कोण तरी बघ."

"दुसरं कोण? आप्पा, ती गार पडतीये!"

ते झाडाच्या पारावर बसले. दोन्ही हात गुडघ्यांवर. मान खाली. त्या हातांनी त्यांनी मोठमोठ्या गड्यांना आस्मान दाखवलं होतं, आणि आता ते गुडघ्यांवरून उचलत नव्हते. मला ते दिसत होतं, पण मी थांबलो नाही. ताप होता, चीडही होती, आणि कितीतरी वर्षांचं काहीतरी आत साठलेलं होतं.

"एवढे पैलवान तुम्ही! लोकांत पिशवी घालून फिरला, कौतुक करून घेतलंत. खऱ्या पोराला हात लावायची वेळ आली की जमत नाही? मला तरी कधी घेतलं होतंत? एकदा तरी? बाईमाणसाचं काम वाटतं ना तुम्हाला? मग सांगा तसं तोंडावर, आणि जावा घरी!"

आजूबाजूचे चार लोक थांबून बघायला लागले. आप्पांनी वर पाहिलं. मला वाटलं ते हात उगारतील. ते उठले, धोतराचा सोगा झटकला आणि फाटकातून आत गेले. मी मागोमाग. नळाशी त्यांनी कोपरापर्यंत हात धुतले, पुन्हा धुतले, सिस्टर "झालं, आजोबा" म्हणाल्या तरी धूतच राहिले. मग सदरा काढला. आत पिशवीची बंडी होती, त्या दिवसाची, सकाळी घातलेली. पिशवीतून त्यांनी चष्मा काढला, चंची काढली आणि माझ्या हातात दिली, मग सिस्टरच्या सांगण्यावरून ती बंडी उतरवून धुतलेल्यांतली एक घातली.

मला दारातच थांबवलं. वरच्या काचेतून सगळं दिसत होतं आणि दार पुरतं लागत नव्हतं, त्यामुळे ऐकूही येत होतं. आप्पा खुर्चीत बसले. सिस्टरनी बंडीचा पदर बाजूला केला आणि मुलीला त्यांच्या पांढऱ्या केसांच्या छातीवर ठेवलं. आप्पा ताठ झाले. श्वास घेईनात.

"आजोबा, श्वास घ्या. तुम्ही घेतला तर ती घेईल. पहिल्यांदाच घेताय वाटतं एवढं लहान?"

"न्हाई," आप्पा म्हणाले. "दुसऱ्यांदा."

सिस्टरनी दाराकडे, माझ्याकडे पाहिलं. "हे का? हेही लवकर झाले होते?"

"ह्यो न्हवं. ह्याच्या आधीचा."

माझ्या आधी कुणी होतं हे मला ठाऊक नव्हतं. आई कधी बोलली नव्हती.

"असाच सातव्यात झालता," आप्पा सांगत होते. आवाज इतका हळू की मला दाराला कान लावावा लागला. "घरातच. तीन दिस हुता. मी दाराभाईर बसून हुतो. बाळंतिणीच्या खोलीत गडी जात न्हाईत, बायका म्हणाल्या, सुवेर हाय म्हणाल्या. आतनं रडलेलं ऐकू यायचं. मग ते बी बंद झालं. तवा दिला मला. पुरायला न्यायला गडीच लागतो न्हवं. वढ्यापतोर नेला असा छातीला धरून. गार हुता."

सिस्टरनी बंडीचा पदर वर ओढला, मुलीच्या पाठीवरून नीट बसवला. खालचा पट्टा चाचपला. मग आप्पांचे दोन्ही हात धरून त्या पिशवीवर ठेवले.

"मागनं शीतल झाला," आप्पा म्हणाले. "तो चांगला दणकट हुता. पण मी घेतला न्हाई. म्हटलं, माझ्या हाताला लागाया नको."

मी दारातून बाजूला झालो आणि भिंतीला टेकून खाली बसलो. अंगात ताप होता, दात वाजत होते. फाटकाबाहेर आपण त्यांना काय काय बोललो त्यातला एकेक शब्द परत ऐकू येत होता. उठून आत जावं, त्यांचे पाय धरावेत असं वाटलं. पण मला आत जायची परवानगी नव्हती. त्यांना होती.

आमची मुलगी आता सातवीत आहे आणि आप्पा गेले त्याला दोन वर्षं झाली. 'रांगडा' मी केव्हाच बंद केलं. मशीन आता बापलोकांसाठीच्या पिशवीच्या बंड्या विणतं, मुंबई-पुण्याची दुकानं त्या मागतात, परवा एका बाईंनी माझी मुलाखत घेतली आणि विचारलं की पुरुषांच्या कपड्यांत हा हळवेपणा आणायची कल्पना तुम्हाला कशी सुचली. मी मशीनबद्दल बोललो. विणीबद्दल बोललो. दुसरं काय सांगणार?

त्या दुपारी मी पुन्हा उठून काचेतून पाहिलं तेव्हा आप्पा खुर्चीत तसेच बसले होते. खांदे खाली आले होते. एक बोट त्यांनी पिशवीच्या आत घातलं होतं आणि तिच्या पाठीवर ठेवलं होतं.

"गरम हाय न्हवं, बाई?" ते विचारत होते.

"आहे, आजोबा."

सिस्टर दुसऱ्या पेटीकडे वळायच्या, काहीतरी लिहायच्या, आणि पुन्हा मागून आवाज यायचा.

"बाई. गरम हाय न्हवं?"

"आहे हो, आजोबा. गरम आहे."

संध्याकाळपर्यंत ते विचारत होते आणि सिस्टर दर वेळी सांगत होत्या.